१०० वॅटचा गिटार ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठ्यानं का वाजत नाही?

गिटार ॲम्प घ्यायला दुकानात जा किंवा ऑनलाइन शोधा, सगळ्यात ठळक अक्षरात एकच आकडा दिसतो, तो म्हणजे वॅट. १०, २०, ५०, १००. मग मनातल्या मनात हिशेब होतो. १० वॅट घरासाठी, ५० वॅट छोट्या कार्यक्रमासाठी, १०० वॅट मोठ्या स्टेजसाठी. त्यातून "पुढेमागे बँड केलाच तर उपयोगी पडेल" असं म्हणत बजेट ताणलं जातं आणि मोठा ॲम्प घरी येतो.

घरी आल्यावर कळतं की आवाजाचं बटण १ वरून २ वर नेलं तरी खिडकीच्या काचा थरथरतात आणि खालच्या मजल्यावरून फोन येतो. उलटही होतं. घरात कान फाटतील इतका वाजणारा छोटा ॲम्प घेऊन कोणी पहिल्या गिगला जातं आणि ड्रमर सुरू झाला की गिटार कुठे गेली तेच कळत नाही.

याचं कारण असं की वॅटचा आकडा आवाज किती मोठा हे सरळसरळ सांगतच नाही. मग तो काय सांगतो? आणि घरासाठी, गिगसाठी ॲम्प निवडायचा कसा?

ॲम्प नेमका काय करतो?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, एवढंच त्यांचं स्वरूप. धातूची तार हलली की पिकअपमध्ये वीज तयार होते, पण ती अगदीच किरकोळ असते. तिच्या जोरावर स्पीकर हलणं शक्य नसतं.

म्हणून ॲम्पमध्ये तीन टप्पे असतात. पहिल्यात हा किरकोळ सिग्नल वाढवून त्याचे बेस, ट्रेबल वगैरे ठरवले जातात. दुसऱ्यात त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद दिली जाते. पेटीवर लिहिलेले वॅट म्हणजे ही दुसऱ्या टप्प्यातली ताकद. तिसरा टप्पा स्पीकरचा. त्या ताकदीचा प्रत्यक्ष आवाज स्पीकर करतो आणि किती करतो हे स्पीकरवरही अवलंबून असतं.

वॅटचं गणित

आवाज मोजतात डेसिबलमध्ये. यातले दोन नियम लक्षात ठेवले तरी पुरेसे आहेत.

एक, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला हा फरक जाणवतो, पण थोडासाच.

दोन, आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात.

म्हणजे १० वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर बाकी सगळं तेच ठेवून १०० वॅट लागतात. ५० वॅटवरून १०० वॅटवर गेलात तर हाती लागतात फक्त ३ डेसिबल. वजन आणि किंमत मात्र त्या हिशेबानं वाढत नाही.

आता स्पीकर बघा. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा गिटार ॲम्पमध्ये सर्रास दिसणारा १२ इंची स्पीकर. त्याला १ वॅट दिला तर एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल आवाज मिळतो. एका वॅटमध्ये! त्याऐवजी ९७ डेसिबलचा स्पीकर लावला तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतील. थोडक्यात, चांगला स्पीकर लावणं हे ॲम्पचे वॅट दुप्पट करण्यासारखंच आहे.

हेच गणित उलट लावू. घरात टीव्ही जरा मोठ्यानं लावला तर आवाज ७० डेसिबलच्या आसपास जातो. त्या स्पीकरवर तेवढा आवाज काढायला किती ताकद हवी? १०० मधून ३० डेसिबल कमी, म्हणजे एका वॅटचा हजारावा भाग. १०० वॅटचा ॲम्प बेडरूममध्ये या पातळीवर वाजवणारा माणूस त्याच्या ताकदीचा एक लाखावा हिस्सा वापरत असतो.

मग १०० वॅटचे ॲम्प आले कुठून?

याचं उत्तर १९६०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये सापडतं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या माणसाचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना अमेरिकन फेंडर कंपनीचे ॲम्प हवे असायचे, पण इंग्लंडमध्ये ते महाग पडायचे. मग मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना सोबत घेऊन फेंडरच्या बासमन ॲम्पच्या धर्तीवर १९६२ मध्ये स्वतःचा ॲम्प बनवला. त्याचं नाव जेटीएम४५.

त्या काळी आजच्यासारख्या साउंड सिस्टीम नव्हत्या. गिटारचा आवाज लोकांपर्यंत पोचवायचा तो स्टेजवरच्या ॲम्पनंच. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्यासाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे ॲम्प होते. तरीही लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं.

त्याच सुमारास 'द हू' बँडचा गिटारिस्ट पीट टाऊनशेंड मार्शलकडे आणखी मोठा आवाज मागत होता. त्यातून १०० वॅटचा मार्शल आला. टाऊनशेंडला एकाच पेटीत ८ स्पीकर हवे होते, पण ती उचलता उचलता बँडच्या माणसांचा जीव जायला लागला. मग ४-४ स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक ठेवायची पद्धत पडली. रॉक म्हटलं की डोळ्यासमोर येणारी ती काळी भिंत अशी जन्माला आली.

म्हणजे १०० वॅट ही एका विशिष्ट काळाची गरज होती. पुढे साउंड सिस्टीम सुधारल्या आणि ॲम्पसमोर माइक ठेवून आवाज लोकांपर्यंत पोचवता येऊ लागला. गरज कमी झाली, पण आकड्याचं आकर्षण काही गेलं नाही.

५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पही घरात जास्त का होतो?

जुन्या लोकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. लावल्यावर आधी तापायचा आणि मग बोलायचा. गिटारच्या जगात तेच तंत्रज्ञान अजून टिकून आहे, कारण व्हॉल्व्हवर ताण आला की आवाज एकदम न फाटता हळूहळू फाटत जातो आणि गिटारवर ते कानाला गोड लागतं. ट्रान्झिस्टरचा साधा ॲम्प मर्यादेपलीकडे नेला की त्याचा आवाज एकदम खरखरीत होतो.

गंमत अशी की तो गोड फाटलेला आवाज हवा असेल तर व्हॉल्व्ह ॲम्प बऱ्यापैकी वर चढवावा लागतो. ५ वॅटचा ॲम्प पूर्ण चढवला आणि स्पीकर १०० डेसिबलचा असेल तर एक मीटरवर आवाज १०५ डेसिबलच्या पुढे जातो. स्टुडिओत हे चालतं. एरिक क्लॅप्टननं १९७० च्या 'लैला' अल्बमच्या रेकॉर्डिंगला फेंडरचा चॅम्प हा छोटासा ॲम्प वापरला होता. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र ते शक्य नाही.

घरासाठी काय बघायचं?

घरासाठी महत्त्वाचा प्रश्न एकच, हळू आवाजात ॲम्प चांगला वाजतो का?

त्यासाठी आता बरेच पर्याय आहेत. यामाहाचे टीएचआर ॲम्प घरगुती वापर डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेले आहेत. बॉसच्या कटाना ५० सारख्या ॲम्पवर ०.५, २५ आणि ५० वॅट असे पर्याय असतात. व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारं ॲटेन्युएटर नावाचं उपकरण मिळतं. ते बरीचशी ताकद उष्णतेत घालवतं आणि उरलेली स्पीकरला देतं.

बटणावरच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका. ५ म्हणजे अर्धा आवाज असं नसतं. अनेक ॲम्पमध्ये बटण मध्यावर येईपर्यंतच बहुतेक ताकद वापरून झालेली असते. त्यापुढे आवाज वाढतो कमी आणि फाटतो जास्त.

शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो बेसचा. जाड, खर्जातले आवाज भिंती आणि स्लॅबमधून सहज पलीकडे जातात. ॲम्प जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा खुर्चीवर ठेवला आणि बेस थोडा कमी केला तरी फरक पडतो. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती परिसरातल्या आवाजाची आहे, खोलीतल्या नव्हे. पण १०० डेसिबलचा ॲम्प उघड्या खिडकीशी वाजत असेल तर वाद कुठे जाईल हे सांगायला नको.

आणि गिगसाठी?

गिगमध्ये किती आवाज हवा हे ठरवतो ड्रमर. ड्रम जोरात वाजले की आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. त्याच्या सोबतीनं ऐकू यायचं तर १२ इंची चांगला स्पीकर असलेला १५ ते ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प छोट्या जागेत बहुतेक वेळा पुरतो. आवाज अजिबात न फाटता स्वच्छ हवा असेल तर जास्त वॅट उपयोगी पडतात, कारण तारेवरच्या प्रत्येक जोरदार फटक्यासाठी ताकद शिल्लक लागते. १९७५ पासून जगभर वापरला जाणारा रोलंडचा जेसी-१२० याच स्वच्छ आवाजासाठी ओळखला जातो. जागा मोठी असेल तर ॲम्पसमोर माइक ठेवतात किंवा ॲम्पमधून थेट केबल साउंड सिस्टीमला देतात. मग तुमचा ॲम्प २० वॅटचा आहे की १०० चा, हे मागच्या रांगेला कळतही नाही.

घरी मस्त वाटणारा आवाज स्टेजवर का बिघडतो? हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतिबारीक आवाज कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बेस-ट्रेबल वाढवून ठेवतो. तेच सेटिंग स्टेजवर मोठ्यानं लावलं की गदारोळ होतो. गिगसाठीचं सेटिंग गिगच्याच आवाजात करून बघावं लागतं.

आणखी एक, गिटारच्या स्पीकरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. ॲम्प जमिनीवर असेल तर तो झोत वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या कानठळ्या बसतात. ॲम्प थोडा मागे कलवून स्वतःच्या डोक्याकडे वळवला की कमी आवाजात काम होतं.

ते ३ डेसिबल कानाला महागात पडतात

वॅट दुप्पट केल्यावर मिळणारे ३ डेसिबल ऐकताना किरकोळ वाटतात. कानाच्या हिशेबात ते किरकोळ नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालू शकतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बँडची प्रॅक्टिस दोन-तीन तास चालते, हे लक्षात घ्या.

प्रॅक्टिसनंतर कान गच्च होणं किंवा कानात बारीक शिट्टी वाजत राहणं ही धोक्याची खूण आहे. कानाच्या आतल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मोठ्या आवाजाचा आग्रह धरणाऱ्या टाऊनशेंडनं आपली श्रवणशक्ती कायमची बिघडल्याचं पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यानं मुख्य दोष मात्र स्टुडिओतल्या हेडफोनला दिला. त्यामुळे "आम्ही तर हेडफोन लावून वाजवतो" म्हणणाऱ्यांनीही आवाज जपूनच ठेवावा. वादकांसाठी मिळणारे इअरप्लग सूर न बिघडवता आवाज कमी करतात आणि ॲम्पच्या तुलनेत त्यांची किंमत काहीच नसते.

पैसे देण्याआधी

अमेरिकेतल्या भाऊ-बहिणीकडून ॲम्प मागवत असाल तर मागचं लेबल आधी वाचायला सांगा. तिथे वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० ची. फक्त १२० लिहिलेला ॲम्प इथे थेट लावला तर फ्यूज उडतो आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर काळजी नाही, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका आणि दुरुस्तीसाठी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत काही वेळ शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

आणि दुकानात ॲम्प ऐकताना फक्त चढवून ऐकू नका. ज्या आवाजात घरी रोज वाजवणार आहात त्या आवाजावर दहा मिनिटं वाजवून बघा. तिथे तो आवडला तर वॅटचा आकडा लहान असला तरी हरकत नाही. गिगच्या दिवशी कमी पडलाच तर समोर एक माइक ठेवता येतो.