झडती, पाळत आणि खासगीपण

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतील मूळ प्रश्नावर एकमताने निर्णय दिला, तेव्हा भारतीय भाषांतील वृत्तपत्रांपुढे एक शब्दाची अडचण उभी राहिली. इंग्रजीतील ‘प्रायव्हसी’ या संज्ञेला हिंदीने ‘निजता’ हा शब्द योजला. मल्याळमने ‘स्वकार्यता’, कन्नडने ‘खासगितन’, तमिळने ‘तनियुरिमै’ हे शब्द पत्करले. तेलुगू व बंगाली या भाषांनी अनुक्रमे ‘गोप्यता’ व ‘गोपनीयता’ या शब्दांचा आश्रय केला. मराठीत मात्र ‘गोपनीयता’ आणि ‘खासगीपणा’ हे दोन्ही शब्द एकाच वेळी, पुष्कळदा एकाच बातमीत, वावरू लागले. हा केवळ पर्यायी शब्दांचा प्रश्न नव्हे. पोलिसांची झडती व पाळत यांविषयी भारतीय न्यायालयांत साठ-सत्तर वर्षे जो वाद झाला, त्याचे मर्म या दोन शब्दांतील अंतरात सामावलेले आहे.

‘गोपनीय’ म्हणजे लपविण्याजोगे. मंत्री आपले पद स्वीकारताना पदाची व गोपनीयतेची शपथ घेतो. तेथे हा शब्द यथार्थ आहे, कारण राज्याच्या काही गोष्टी बाहेर फुटू नयेत हेच तेथे अभिप्रेत असते. परंतु नागरिकाच्या हक्काला तेच नाव दिले की नकळत एक संशय त्यास चिकटतो. ज्याला लपवायचे आहे त्यालाच या हक्काची गरज, आणि ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने दार उघडे ठेवण्यास कचरू नये, हा पोलिसी युक्तिवाद त्या शब्दातूनच निघतो. ‘खासगी’ची घडण निराळी आहे. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मराठी दफ्तरांत राजघराण्याच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी वापरला जाई. होळकरांच्या संस्थानात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये मिळालेली खासगी जहागीर प्रसिद्धच आहे. तेथे प्रश्न लपविण्याचा नव्हता. खासगीत काय आहे हे सर्वांना ठाऊक असे. प्रश्न होता तो तिच्यावर हात कोणी टाकावयाचा, याचा. पुढे हा शब्द राजवाड्यातून उतरून सामान्यांच्या घरात आला, ‘खाजगी’ झाला, शाळा, शिकवणी व नोकरी यांना लागला. भाषेने हे स्थित्यंतर फारसा गाजावाजा न करता घडविले. कायद्याला मात्र त्यासाठी फार मोठा वळसा घ्यावा लागला.

झडतीचा कायदा जुना आहे, आणि त्याला एक रीत आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, तिच्या पूर्वीच्या संहितांप्रमाणेच, घरझडतीच्या वेळी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक निःपक्षपाती व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले होते. घरमालकास हजर राहता येते, जप्त वस्तूंची यादी होते, तिच्यावर पंचांच्या सह्या होतात आणि तिची प्रत त्याच्या हाती पडते. या लेखाला मराठीत ‘पंचनामा’ म्हणतात. हा शब्द लोकांनी इतका आपलासा केला आहे की अवकाळी पावसाने झोपलेल्या पिकाचाही पंचनामा होतो आणि फसलेल्या नाटकाचाही. पंच पुष्कळदा पोलिसांच्या ओळखीचे, सराईत असतात, ही तक्रार न्यायालयांनीही वारंवार ऐकली आहे. तथापि रीतीमागील तत्त्व स्पष्ट आहे. राज्य घरात शिरते तेव्हा ते दारातून, उघडपणे आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने शिरते. आणि झडती केव्हातरी संपते.

पाळतीला यांपैकी काहीच नसते. तिला दार लागत नाही, पंच लागत नाहीत, आणि तिला शेवटही नसतो. हा भेद प्रथम ठळक झाला तो उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्या प्रकरणात. १९४१ मध्ये एका दरोड्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडण्यात आले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावे ‘हिस्ट्री शीट’ उघडले. पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमाने अशा माणसावर ठेवावयाच्या पाळतीचे प्रकार सांगितले होते. घराभोवती गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन खातरजमा, त्याच्या सवयी, संबंध व उत्पन्न यांची नियतकालिक चौकशी, गावाबाहेर गेल्यास चौकीदाराने वर्दी देणे, या साऱ्याची नोंद कागदावर ठेवणे. रात्री दारावर थाप पडते, झोपेतून उठून हजेरी द्यावी लागते, परगावी जाताना कळवावे लागते, ही त्यांची तक्रार होती.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला निर्णय मोठा चमत्कारिक आहे. बहुमताने रात्रीच्या भेटी रद्द ठरविल्या, कारण त्या घराच्या व झोपेच्या स्वास्थ्यावर घाला घालतात आणि ज्या नियमावलीच्या आधारे त्या होत ती मुळात कायदाच नव्हती, केवळ खात्याच्या सूचना होत्या. मात्र बाकीची सर्व पाळत कायम ठेवली गेली. संविधानात खासगीपणाचा हक्क नाही, आणि दूर उभा राहून पाहणारा शिपाई कोणाची वाट अडवीत नाही, असा त्यांचा विचार. खासगीपण नाकारून रात्रीची थाप तरी कोणत्या आधारावर थांबविली, हा प्रश्न बहुमताने अनुत्तरितच ठेवला. न्या. सुब्बाराव यांनी, न्या. शहा यांच्यासह, भिन्न मत दिले. ज्याच्यावर अखंड नजर आहे त्याचे पाय मोकळे असले तरी मन मोकळे नसते, तो मोकळेपणाने बोलू-वागू शकत नाही, म्हणून संपूर्ण नियमच घटनाबाह्य ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. साहित्याच्या अभ्यासकास हे सांगावयास नकोच. नजरेखाली लिहिणाऱ्याची लेखणी कशी चालते हे त्याला पुरेपूर ठाऊक असते. १९७५ मध्ये मध्य प्रदेशातील गोविंद यांच्या प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे आले, पण सावधपणे.

दरम्यान शिपायाची जागा यंत्र घेऊ लागले होते. मुंबईच्या कॉरोनरवरील लाचेच्या प्रकरणात एका डॉक्टरच्या घरच्या दूरध्वनीला, त्याच्या संमतीने, पोलिसांनी ध्वनिमुद्रण यंत्र जोडले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य मानला; एवढेच नव्हे, तर अवैध मार्गाने मिळालेला पुरावाही संबद्ध असल्यास चालतो, हे तत्त्व मान्य केले. राजकीय पुढाऱ्यांचे दूरध्वनी चोरून ऐकले गेल्याच्या वृत्तानंतर दाखल झालेल्या याचिकेवर १९९६ मध्ये, योगायोगाने पुन्हा १८ डिसेंबरलाच, न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचाच भाग मानला आणि ते ऐकण्यास गृहसचिवाचा आदेश, दोन महिन्यांची व एकूण सहा महिन्यांची मर्यादा आणि पुनर्विलोकन समिती यांची अट घातली. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र आवश्यक मानली नाही.

२०१७ च्या निर्णयाने खडक सिंग प्रकरणातील खासगीपण नाकारणारा भाग मोडीत काढला आणि सुब्बारावांचे मत पंचावन्न वर्षांनी योग्य ठरविले. हस्तक्षेपास कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, ही कसोटी तेव्हापासून रूढ झाली. तिची धार २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसली. लाचेच्याच एका प्रकरणात दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश, सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीही दिसत नसल्याने, रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगण्यात आले. १९७२ मधील मुंबईच्याच प्रकरणाशी ताडून पाहिल्यास हे अंतर किती आहे ते ध्यानी येते.

तरीही खिशातील फोन ही घराहून मोठी वस्तू झाली आहे. पत्रे, हिशेब, छायाचित्रे, औषधे, मैत्री, प्रवास हे सारे तीत एकत्र नांदते. पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीविषयीच्या आरोपांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच आहे असे निश्चित सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने कळविल्याचे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. म्हणजे दारातून होणाऱ्या झडतीला पंचांबरोबर आता कॅमेऱ्याचीही साक्ष मिळाली. दूरध्वनी व संदेश ऐकण्याचे आदेश मात्र सचिव देतात आणि ते योग्य होते की नाही हे सचिवांचीच समिती तपासते. ज्याचे संभाषण ऐकले गेले त्याला ते कळविले जात नाही. त्याच्या हाती कोणत्याही यादीची प्रत पडत नाही, आणि त्याच्या वस्तीतील कोणी तेथे पंच म्हणून बसत नाही.