चुटकीचा रंग कोणता?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या शहाद्याच्या घराला पुढे थोडंसं अंगण आहे. गल्लीतली पाच-सात मुलं रोज दुपारी तिथे जमतात. मीही त्यांना हाकलत नाही. एकीकडे निवडणं-टिपणं चालू असतं आणि दुसरीकडे कानावर त्यांच्या गप्पा पडत असतात. त्या दिवशी मी मेथी निवडत बसले होते आणि मुलांचा 'छोटा भीम'चा खेळ मांडला जात होता. भीम कोण, राजू कोण, जग्गू माकड कोण, याच्या वाटण्या चालल्या होत्या.

मुलांमध्ये एक नऊ वर्षांची पोर होती. धडगावकडची, पावरा समाजाची. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले की ती इथे मावशीकडे राहते. चुणचुणीत, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. ती म्हणाली, "मी चुटकी होणार."

त्यावर भीम झालेला मुलगा लगेच म्हणाला, "तू कालिया हो. चुटकी काळी असते का?"

सगळी मुलं हसली. ती हसली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि मग पायरीवर जाऊन बसली. मी काय केलं? मान वर करून म्हटलं, "भांडू नका रे, नीट खेळा." आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. बचत गटाच्या मीटिंगमध्ये समतेवर अर्धा तास बोलणारी मी, पण अंगणात मला एवढंच सुचलं.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्या मैत्रिणींना छोटा भीम सांगायला नको. तरी ज्यांची मुलं मोठी झाली त्यांच्यासाठी सांगते. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या कंपनीचे राजीव चिलका यांनी ही मालिका काढली आणि २००८ मध्ये ती पोगो वाहिनीवर आली. त्याआधी आपल्या मुलांचे हीरो म्हणजे जपानचे नाहीतर अमेरिकेचे. ढोलकपूर नावाच्या गावातला, धोतर नेसलेला, लाडू खाऊन ताकद येणारा हा पहिलवान पोरगा मुलांना इतका आवडला की दप्तरापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळीकडे तोच दिसायला लागला. भीमाची मैत्रीण चुटकी. तिची आई टुनटुन मावशी लाडू विकते. राजा इंद्रवर्माची मुलगी राजकुमारी इंदुमती. आणि भीमावर जळणारा, दांडगाई करणारा, शेवटी फजिती होणारा तो कालिया. कालिया म्हणजे काळा. बाकी काही सांगायची गरजच ठेवलेली नाही.

मालिका काढणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली एखादा 'काळ्या' असतोच आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, असं आपण सगळे धरून चालतो. माझ्या माहेरी तर एका चुलतभावाचं खरं नाव आम्हाला त्याच्या लग्नपत्रिकेत कळलं.

याच चुटकीवरून २०२० च्या जून महिन्यात केवढा गदारोळ झाला होता! लॉकडाऊनचे दिवस. सगळे घरात. अशात बातमी पसरली की भीमाने राजकुमारी इंदुमतीशी लग्न केलं आणि चुटकीला वाऱ्यावर सोडलं. झालं! 'चुटकीला न्याय द्या' अशी मोहीमच इंटरनेटवर सुरू झाली. अर्धे लोक गमतीने लिहीत होते, पण अर्धे मनापासून चिडले होते. जन्मभर लाडू खाल्ले चुटकीचे आणि हार घातला राजकुमारीला, असा एकूण सूर. माझी लेक तेव्हा चौथीत होती. ती तर रडलीच. शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला की भीम, चुटकी, इंदुमती ही अजून लहान मुलं आहेत, कुणाचं लग्न झालेलं नाही.

मला तेव्हा हसू आलं होतं. पण नंतर वाटलं, त्या कार्टूनवर लोक एवढे का चिडले? कारण ही गोष्ट सगळ्यांनी घरात नाहीतर शेजारी पाहिलेली आहे. मुलगा ज्या मुलीबरोबर वाढतो, हसतो, जिच्या डब्यातलं खातो, ती लग्नाच्या वेळी चालत नाही. तेव्हा घराणं लागतं, जात लागते, हुंडा लागतो. आणि रंग लागतो. चुटकीला न्याय मागणाऱ्यांत असे किती जण असतील की ज्यांनी स्वतःसाठी मुलगी बघताना पहिला प्रश्न 'गोरी आहे का?' हाच विचारला असेल!

गंमत बघा, त्याच महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाने गुडघ्याखाली मान दाबून जीव घेतला. त्यावरून जगभर लोक रस्त्यावर आले आणि त्याची झळ थेट आपल्या ड्रेसिंग टेबलापर्यंत पोचली. १९७५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' हा शब्द काढायचं कंपनीने जाहीर केलं. ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. आणि 'शादी डॉट कॉम' या लग्नं जुळवणाऱ्या साइटवर रंगानुसार स्थळं निवडायची जी सोय होती, ती तिथल्या भारतीय बायकांनी आवाज उठवल्यावर काढून टाकण्यात आली. नावं बदलली, सोय गेली. आमच्याकडच्या आठवडे बाजारात मात्र त्या क्रीमच्या छोट्या पुड्या आजही तितक्याच जातात, आणि बायका मागतात जुन्याच नावाने. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकणाऱ्या खान्देशात राहायचं, शेतात निंदणी करायची आणि वर गोरं दिसायचं!

आता स्वतःचं सांगते. सांगायला जड जातंय, पण भाचीची परवानगी घेतलेली आहे.

माझ्या भावाची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, नोकरीला लागली. गुणी पोर, रंगाने चांगली काळीसावळी. आमच्या आईवर गेलेली. आई तिला लहानपणी मांडीवर घेऊन म्हणायची, "माय वं, पोर काळी शे पन गुनी शे." त्यातला तो 'पन' पोरीने केव्हा ऐकला आणि केव्हापासून मनात ठेवला, आम्हाला कुणालाच कळलं नाही. गेल्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात केली. वहिनी म्हणाली, ताई, बायोडाटा तुम्हीच लिहा, तुमचं मराठी चांगलं आहे. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं, त्याचा घरात असा उपयोग! नाव, जन्मवेळ, रास, उंची लिहीत आले आणि पुढे रकाना आला 'वर्ण'. मी पेन थांबवलं. मग लिहिलं, 'निमगोरा'.

फोटोचंही तेच. पूर्वी स्टुडिओवाले ब्रशने गाल उजळून द्यायचे. आता फोनमध्येच दोन बोटांत काम होतं. तो फोटो बघून भाची म्हणाली, "आत्या, ही कोण?" सगळे हसलो.

मंडळी बघायला आली. पोह्यांच्या बश्या हातात असतानाच मुलाच्या आईने मोबाइल काढला, फोटो उघडला आणि एकदा फोटोकडे, एकदा पोरीकडे असं दोन-तीनदा पाहिलं. बोलल्या काही नाहीत. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून घेतली होती, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

मी त्या बाईंना मनातून खूप बोलले. रात्री भाचीला फोन केला, तिची समजूत काढायला. म्हटलं, लोकांची दृष्टीच खोटी गं. ती शांतपणे म्हणाली, "आत्या, त्यांनी फक्त फोटो पाहिला. निमगोरी तू लिहिलंस."

अंगणातल्या त्या पोरीकडे वळते, कारण ती पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी मी ठरवून मुलांना गोळा केलं आणि म्हटलं, चला, आज खऱ्या भीमाची गोष्ट सांगते. खऱ्या म्हणजे महाभारतातल्या. लाक्षागृहातून निसटून पांडव रानात आले, थकून झोपले, भीम एकटा पहाऱ्याला. त्या रानात हिडिंब राक्षस आणि त्याची बहीण हिडिंबा. भावाने तिला पाठवलं या माणसांना मारून आण म्हणून, आणि ही भीमाला बघून तिथेच जीव जडवून बसली. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. भीमाने हिडिंबाला, म्हणजे त्या भावाला, मारलं. कुंतीने लग्नाला होकार दिला. त्यांना घटोत्कच झाला. म्हणजे भीमाचं पहिलं लग्न कुठल्या राजकुमारीशी नाही, तर रानातल्या बाईशी झालं, असं मी मोठ्या जोरात सांगितलं. पुढे द्रौपदी आली, तीसुद्धा काळी. तिचं एक नावच कृष्णा. माझं लक्ष सगळं त्या पोरीकडे.

तिने विचारलं, "काकू, हिडिंबा काळी होती का?"

"असेल बाई. रानात राहणारी, राक्षसांच्या कुळातली."

"मग भीमाने तिला घरी का नाही नेलं?"

याला काय उत्तर देणार? खरंच नाही नेलं. मुलगा होईपर्यंत राहायचं एवढाच करार होता. हिडिंबा रानातच राहिली. पुढे युद्धात गरज पडली तेव्हा तिचा घटोत्कच बोलावला गेला. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर गेली आणि अर्जुन वाचला. आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगितली नाही. आदिपर्वात हिडिंबा भीमासमोर जाते ती आपल्या रूपात जात नाही. सुंदर मानवी स्त्रीचं रूप घेऊन जाते. मला आमचा तो मोबाइलमधला फोटो आठवला.

आपल्या जिल्ह्यात, जिथे शंभरातले जवळजवळ सत्तर लोक आदिवासी आहेत, तिथे हा प्रश्न पुराणातला राहत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की मला हमखास विचारतात, "तुमच्याकडे तो भोंगऱ्या असतो ना, गुलाल लावला की मुलगी पळवून न्यायची?" होळीच्या आधीचा तो आठवडे बाजार. लोक दाळ्या, गूळ, होळीचं सामान घ्यायला उतरतात, ढोल वाजतात, बासऱ्या वाजतात, नटूनथटून पोरंपोरी येतात. आदिवासी समाजातली शिकलेली मुलं कळवळून सांगतात की अहो, हा आमचा बाजार आहे, लग्नाचा मेळावा नाही. पण ऐकतं कोण? आपल्या मुलीने प्रेम केलं तर ती 'लफडी', आणि त्यांच्या मुलींची प्रेमं म्हणजे आपल्याला प्रेक्षणीय स्थळ! त्यांच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचं असतं. आपल्यात मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा, आणि पोर काळी असली की आकडा वाढतो. तरी मागासलेले ते.

असो. त्या दिवशी मुलं गोष्ट ऐकून पुन्हा खेळायला लागली. भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा ती पोर उठून म्हणाली, "मी भीम." भीम झालेला मुलगा म्हणाला, मुलगी कशी भीम होईल? ती म्हणाली, शर्यत लाव, जो जिंकेल तो भीम. आमच्या फाटकापासून गिरणीपर्यंत आणि परत. ती दहा पावलं पुढे होती. मग त्या मुलाने निमूटपणे कालिया व्हायचं कबूल केलं. त्याला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

भाचीचं अजून जमलेलं नाही. मागच्या महिन्यात तिने स्वतः नवा बायोडाटा टाइप केला आणि मला फोनवर पाठवला. फोटो ड्युटीवरचा आहे, पांढऱ्या युनिफॉर्ममधला, कसलाही उजाळा न दिलेला. मी वर्णाचा रकाना शोधला. तो तिने काढला असेल असं वाटलं होतं. काढलेला नव्हता. त्यापुढे तिने लिहिलंय, 'काळा'. वहिनीचा मला दोनदा फोन येऊन गेला, की निदान 'सावळा' तरी करायला सांगा. मी अजून भाचीशी बोललेले नाही. येत्या रविवारी दोंडाईच्याला एक स्थळ बघायला येणार आहे आणि बायोडाटा तसाच गेलेला आहे.