जपानी लेखन-वाचन, द्विभाषिक बालकांचे

घरी जपानी आणि शाळेत दुसरी भाषा अशा परिस्थितीत वाढणाऱ्या बालकांना दिले जाणारे जपानी लिपीचे शिक्षण. जपानबाहेर स्थायिक झालेल्या व आईवडिलांपैकी एकच जपानी भाषक असलेल्या कुटुंबांत हा प्रश्न विशेषेकरून उद्भवतो.

जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या उच्चारदर्शक लिप्या (प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे) आणि कांजी ही चिनी मूळची अर्थवाहक चिन्हे एकत्र वापरतात. आरंभ हिरागानाने होतो. तिचा आ, इ, उ, ए, ओ. का, सा, ता, ना हा क्रम मराठी वाचकास ओळखीचा वाटेल. बौद्ध भिक्षूंनी जपानात नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासाचा तो वारसा होय. तथापि बालकास हा क्रम पाठ करावयास लावण्यापेक्षा त्याचे स्वतःचे नाव व घरातील वस्तूंची नावे यांपासून प्रारंभ करणे इष्ट. ‘सा’ व ‘चि’ ही चिन्हे परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखी असल्याने ती एकाच वेळी शिकवू नयेत. या वयात अक्षरे उलटी लिहिली जातातच. तो दोष समजू नये.

खरी अडचण कानाची असते. ‘ओजिसान’ म्हणजे काका, तर ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘किते’ म्हणजे ‘ये’, तर ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. ऱ्हस्वदीर्घाचा व द्वित्ताचा हा भेद इंग्रजीस सरावलेल्या कानास सहज जाणवत नाही. काताकानात परकीय शब्द लिहिताना उलट प्रकार घडतो : इंग्रजी ‘मिल्क’ नेमका उच्चारणाऱ्या मुलास तो ‘मिरुकु’ असा लिहावा लागतो.

कांजींचा प्रश्न निराळा आहे. जपानी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात (२०२० पासून). पहिलीत ८०, परंतु तिसरीत २०० व चौथीत २०२. पर्वताचे चिन्ह एकटे असता ‘यामा’, तर ‘फुजिसान’ या नावात ‘सान’ असे वाचतात. जपानमधील मुलास हे दोन्ही शब्द आधीच ठाऊक असतात. त्यास केवळ चिन्ह शिकावयाचे असते. परदेशातील मुलास पुष्कळदा शब्द व चिन्ह दोन्ही एकदमच शिकावी लागतात.

शनिवारी भरणाऱ्या पूरक शाळा (होशू-को) मुळात स्वदेशी परतणाऱ्या मुलांसाठी असल्याने त्यांत जपानमधीलच पाठ्यपुस्तके वापरतात. आठवड्याचा पाठ एका दिवसात उरकून उर्वरित भाग घरी सोपविला जातो. तिसरी-चौथीच्या सुमारास हा भार असह्य होऊन मुले भाषाच सोडतात, ही हानी मोठी होय. कारण आजीआजोबांशी असलेला दुवाही त्याबरोबर क्षीण होतो. अशा मुलांकडून कांजींच्या लेखनाचा आग्रह कमी करून वाचनावर भर देणे अधिक हितावह. चित्रकथा रोज मोठ्याने वाचून दाखविल्यास शब्दसंग्रह वाढतो. कांजींच्या बाजूस बारीक अक्षरांत उच्चार छापण्याची पद्धत (फुरिगाना) जपानी बालसाहित्यात रूढ आहे, त्यामुळे फारशा कांजी न येणारे मूलही आपल्या वयास साजेशी गोष्ट स्वतः वाचू शकते.