शेवटच्या खोलीतले इंटरनेट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून टेबलावरील एका संगणकापर्यंत येई आणि तेथेच थांबे. आता प्रकाशतंतू कित्येकांच्या दारापर्यंत पोचला आहे. तथापि दारापासून मागच्या खोलीपर्यंतचे वीस-पंचवीस फूट अद्याप ओलांडावयाचे राहिले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दिवाणखान्यात वडिलांची कचेरी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी मुलीचा वर्ग भरू लागला, तेव्हा ह्या अंतराची जाणीव तीव्रतेने झाली.

अशा वेळी ग्राहक बहुधा अधिक वेगाची, अर्थातच अधिक दराची योजना घेतो. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण दोष बाहेरच्या तारेत नसून मधल्या भिंतीत असतो. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या. परंतु जाड भिंतीपुढे आणि सळयांच्या स्लॅबपुढे त्या लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक दूर जातात, पण त्यांच्या वाटेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते. प्लगाला लावावयाचा 'रिपीटर' हा त्यावरचा सोपा उपाय समजला जातो. एकाच लहरीवर ऐकून तेच पुन्हा बोलणाऱ्या ह्या यंत्रात सुमारे निम्मा वेग खर्ची पडतो, हे ग्राहकाला मागाहून कळते.

त्यापेक्षा साधी तार श्रेष्ठ. चार पिळलेल्या जोड्यांची 'कॅट ५ई' केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मात्र टाळावी. दुसऱ्या टोकाला कपाटात धूळ खात पडलेला जुना राउटरही चालतो. त्याचा अंक-पत्ता बदलावा, 'डीएचसीपी' म्हणजे इतर यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम बंद करावे आणि केबल 'लॅन'च्या खाचेत घालावी. एका घरात दोन कारभारी झाले की काय गोंधळ होतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगावयास नको! अंगणापलीकडच्या इमारतीत जोडणी न्यावयाची असल्यास मात्र तांब्याची तार नको. जवळपास वीज पडल्यास दोन्हीकडची यंत्रे जळण्याचा धोका असतो. तेथे प्रकाशतंतूच हवा.

प्रश्न उरतो तो तार न्यावयाची कोठून, हा. विजेच्या तारांसाठी भिंतीत नळ्या घालणारे अनेक बांधकाम व्यावसायिक ह्या तारेसाठी आणखी एक रिकामी नळी घालीत नाहीत. आणि विजेच्याच नळीतून ती ओढणे सुरक्षित नव्हे. बांधकाम चालू असताना किरकोळ खर्चात होणारी ही सोय खरेदीदारांनीच आग्रहाने मागितली पाहिजे. आज लाखो रुपयांच्या सदनिकेच्या मालकालाही दाराच्या चौकटीला भोक पाडावे लागते, आणि भाडेकरूला तर तेवढ्यासाठीही घरमालकाची मनधरणी करावी लागते.