गेम खेळून सर्जन होता येत नाही

"मोबाइलवर गेम खेळणारी मुलंच पुढे चांगली सर्जन होतात, अमेरिकेत सिद्ध झालंय!" एमबीबीएसला मूल असलेला एक तरी पालक हे ऐकवतोच. एकदा मूळ अभ्यास नीट पाहूच.

तो जेम्स रॉसर आणि सहकाऱ्यांचा, 2007 साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'त आलेला. डॉक्टर अवघे 33. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या चुका 37 टक्के कमी, वेग 27 टक्के जास्त. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण ही परीक्षा रुग्णावर नव्हतीच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करतात त्या पेटीत वस्तू हलवायच्या, टाके घालायचे, एवढंच. शिवाय गेममुळे हात तयार झाला की मुळात तयार हाताचेच गेमकडे वळले? अशा अभ्यासातून ते कळत नाही. आणि अपेंडिक्स काढायचं की थांबायचं, हे ठरवायला चपळ अंगठा कामाचा नाही हो!

हातच तयार करायचा, तर त्याच कामाचा सिम्युलेटर हवा. येल विद्यापीठात 16 निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. सिम्युलेटरवर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के लवकर केलं, तेही खऱ्या रुग्णावर. हा निष्कर्ष 2002 सालचा. तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

निर्णयक्षमतेसाठीही खास गेम आहेत. पिट्सबर्गच्या संशोधकांनी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांसाठी 'नाइट शिफ्ट' बनवला. गंभीर जखमीला ट्रॉमा सेंटरला पाठवायला चुकलात, तर परिणाम गोष्टीतूनच समोर येतात. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2017 च्या चाचणीत, आभासी रुग्णांवर, ही चूक गेम खेळलेल्यांकडून 53 टक्के वेळा झाली. शैक्षणिक ॲप वापरलेल्यांकडून 64 टक्के. फरक खरा आहे. तरी निम्म्याहून जास्त वेळा चूक झालीच, हेही वाचा.

गेमबद्दलचे आणखी काही समज. गेम म्हणजे स्क्रीन? पत्ते आणि सोंगट्यांवरही शिकवता येतं.

गुण आणि बिल्ले दिले की गेम झाला? नाही; एमसीक्यू एमसीक्यूच राहतात.

गेम लेक्चरपेक्षा सरस, हे सिद्धच झालंय? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या चाचण्या सापडल्या दोन. त्यांवरून गेमच्या बाजूनेही काही ठरलं नाही, विरोधातही नाही.