अंगणातला पिंजरा : कुत्र्याला बाहेर कोंडून ठेवणं माणुसकीचं आहे का?



मागच्या वेळी आपण 'कर्तव्य नेमकं कुणाबद्दल असू शकतं' या प्रश्नावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. त्यांनी नुकतंच शहराबाहेर घर बांधलंय. मागच्या अंगणात दहा फूट बाय सहा फुटांचा जाळीचा पिंजरा आहे. वर पत्रा, खाली फरशी, कोपऱ्यात पाण्याचं भांडं. त्यात त्यांचा लॅब्राडोर राहतो. सकाळी अर्धा तास फिरवतात, दोन वेळा खायला घालतात, लसी वेळेवर टोचतात. शेजारच्या बाई त्यांना म्हणाल्या, "हे क्रूर आहे." गृहस्थ दुखावले होते. आम्हाला म्हणाले, "सर, मी त्याला कधी काठी लावली नाही. मग यात क्रूर काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यांचा एकट्याचा नाही. आज तोच घेऊ.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. शेजारच्या बाईंचा आक्षेप कशाला आहे? कुत्रा *बाहेर* आहे याला, की तो *कोंडलेला* आहे याला? बोलताना आपण ह्या दोन गोष्टी एकच धरतो. पण आपल्याकडच्या धनगरांची कुत्री पाहा. आयुष्यभर उघड्यावर असतात. पावसात भिजतात, थंडीत मेंढरांना चिकटून झोपतात, वाड्याबरोबर मैलोनमैल चालतात. त्यांच्या अंगावर कुणी स्वेटर घालत नाही. त्यांचं आयुष्य कष्टाचं आहे, पण त्या कुत्र्याला आपण बंदिवान म्हणणार नाही. त्याच्याभोवती कळप आहे, माणसं आहेत, दुसरी कुत्री आहेत, आणि रात्री लांडगा आला तर करायला काम आहे. तेव्हा उघड्यावर असणं हा मूळ दोष नव्हे. दोष असेल तर तो दुसरीकडे शोधायला हवा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कायदा हा नीतीचा शेवट नसतो, पण तिची पहिली पायरी असतो. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातून या कायद्याची वाट तयार झाली. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरतेचे प्रकार दिलेत. मारणं, छळणं हे आहेच. पण पुढं वाचा. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, ही क्रूरता. अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं, ही क्रूरता. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, ही क्रूरता. आणि एक उपकलम तर खास कुत्र्यासाठी आहे : जो कुत्रा नेहमी साखळीला बांधलेला किंवा कोंडलेला असतो, त्याला मालकानं पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तीही क्रूरता.

म्हणजे आपल्या गृहस्थांचं "मी काठी लावली नाही" हे उत्तर कायद्यालासुद्धा पुरत नाही. काही न करणं हीसुद्धा क्रूरता असू शकते, हे आपल्या संसदेनं १९६० मध्येच मान्य केलंय. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! त्यामुळे हा कायदा फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

आपला कायदा 'वाजवी', 'पुरेसा' असे शब्द वापरतो. किती चौरस फूट म्हणजे वाजवी, हे सांगत नाही. जर्मनीत कुत्र्यांसाठी २००१ साली स्वतंत्र नियमावली झाली, तिच्यात आकडे आहेत. खांद्यापाशी ५० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या कुत्र्याला पिंजऱ्यात किमान ६ चौरस मीटर, ६५ पर्यंत ८, त्याहून उंच असेल तर १० चौरस मीटर. कुठलीही बाजू दोन मीटरपेक्षा लहान नको. आपल्या गृहस्थांचा दहा बाय सहा म्हणजे साठ चौरस फूट, साधारण साडेपाच चौरस मीटर. तो तिथं लहान कुत्र्यालाही चालला नसता. पण आम्हाला त्या आकड्यांपेक्षा दुसऱ्या दोन अटी महत्त्वाच्या वाटतात. कुत्र्याला पिंजऱ्यातून बाहेरचं दिसलं पाहिजे, ही एक. आणि पिंजरा कितीही मोठा असला तरी त्याला पिंजऱ्याबाहेर फिरणं आणि सांभाळणाऱ्या माणसाचा सहवास मिळालाच पाहिजे, ही दुसरी. जागा दिली म्हणून सोबतीची जबाबदारी संपत नाही, असा याचा अर्थ.

इथं आपण तत्त्वज्ञानाकडे वळू. जेरेमी बेंथमनं १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, तेही एका तळटीपेत, असं मांडलं की प्राण्याला बुद्धी आहे का, भाषा आहे का, हे विचारू नका. त्याला दुःख होतं का, एवढंच विचारा. ही तळटीप फार गाजली, आणि गाजायलाच हवी होती. पण बेंथमचा प्रश्न कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढं मार येतो, भूक येते, जखम येते. आपल्या गृहस्थांच्या कुत्र्याला यातलं काहीच नाही. मग त्याला दुःख आहे की नाही?

हे ठरवायला तो प्राणी काय आहे हे माहीत असावं लागतं. जर्मनीतच बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाचं ठिकाण आहे. १९१४ साली तिथं दगडखाणीत एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याची हाडं. काळ सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेती सुरू होण्याच्या आधीचा. कुत्रा होता काही महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांनी असं मांडलंय की त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता, बरेच आठवडे ते आजारी होतं, आणि माणसानं सांभाळल्याशिवाय इतके दिवस तगलं नसतं. ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याला जपलं आणि शेवटी आपल्या माणसांबरोबर पुरलं.

इतक्या जुन्या संगतीनं हा प्राणी घडलाय. आपण बोट दाखवलं की कुत्रा बोट दाखवतं *तिकडे* बघतो. लहान पिल्लंही हे करतात. चिंपांझी बुद्धीनं आपल्या कितीतरी जवळचा, पण यात तो कुत्र्याच्या मागं पडतो, असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. याचा अर्थ असा, की आपण पिढ्यान् पिढ्या निवड करून असा जीव तयार केला ज्याला माणसाची सोबत ही भुकेसारखी गरज आहे. आणि मग त्याला नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं द्यायचं! आमच्या मते नैतिक पेच इथं आहे. पोपटाला पिंजऱ्यात घातलं तर आपण त्याचं आकाश काढून घेतो. कुत्र्याला पिंजऱ्यात घातलं तर आपण त्याच्यापासून *आपल्यालाच* काढून घेतो.

हे आम्ही उंचावर उभं राहून सांगत नाही. आता जे सांगणार आहोत ते आजवर कुठल्या व्याख्यानात सांगितलेलं नाही.

आमच्याकडे राजा नावाचा कुत्रा होता. आम्ही दोघंही नोकरीला, घरात आईचं सोवळं. तेव्हा मागच्या दारी जाळीचा पिंजरा करून घेतला. पहिलं वर्ष राजा फार भुंकायचा. आम्ही आलो की जाळीवर उड्या मारायचा, नखं रक्ताळायची. शेजारी तक्रार करायचे. मग हळूहळू शांत झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही कौतुकानं सांगायचो, "आता शहाणा झालाय." एकदा सकाळी घाईत कडी लावायची राहिली. संध्याकाळी येऊन बघतो तर दार अर्धवट उघडं आणि राजा आत, नेहमीच्या कोपऱ्यात बसलेला. दिवसभरात बाहेर पडला नव्हता. हा प्रसंग आम्ही त्याच्या इमानाची गोष्ट म्हणून कितीतरी वर्षं सांगितला.

पुढं एका अभ्यासक्रमाच्या निमित्तानं मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचं १९६७ सालचं संशोधन वाचनात आलं. त्यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना ते थांबवता येत होते, काहींना काही केल्या थांबवता येत नव्हते. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथं मधलं बुटकं फळकूट ओलांडलं की सुटका होती. ज्यांना आधी काहीच करता आलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी उडी मारलीच नाही. तिथंच पडून सोसत राहिले. प्रयोग स्वतःच क्रूर होता, यात शंका नाही. पण त्यातून जे कळलं त्याला नाव मिळालं, शिकलेली हतबलता. आपल्या धडपडीनं काही बदलत नाही हे एकदा मनावर ठसलं की दार उघडं असलं तरी दिसत नाही.

ते वाचलं तेव्हा राजा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो इमानानं बसला होता की हतबलतेनं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण 'शांत आहे म्हणजे सुखात आहे' हा निष्कर्ष आम्ही काढला होता, आणि तो काढायला आमच्याकडे आधार नव्हता. तो आमच्या सोयीचा होता, म्हणून काढला. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली. म्हणून कुणी "आमचा पिंजऱ्यात अगदी शांत असतो" म्हणालं की आमच्या पोटात आता गोळा येतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या अडचणींचं काय? घरात दम्याचं माणूस असतं, सोवळंओवळं असतं, पाहुणे घाबरतात, राखण लागते. या अडचणी खऱ्या आहेत, आणि नीतिशास्त्र अडचणींकडे डोळेझाक करत नाही. पिंजरा मुळात पाप आहे, असं आमचं म्हणणं नाही. दारात गडी काम करत असताना, पाहुणे असताना, दोन-तीन तास कुत्रा सावलीच्या ऐसपैस जागेत बंद राहिला तर त्यात काही बिघडत नाही. पण तीच त्याची चोवीस तासांची वस्ती झाली, तर ते माणुसकीचं नाही. मग काठी लावा किंवा न लावा.

आपला पिंजरा कुठल्या बाजूला पडतो, हे तपासायला चार प्रश्न विचारावेत.

एक : दार दिवसातले किती तास उघडं असतं, आणि त्यातला किती वेळ त्याच्याबरोबर माणूस असतो?

दोन : आत बसून त्याला काय दिसतं? रस्ता, अंगण, घरातली हालचाल, की नुसती कुंपणाची भिंत?

तीन : त्रास झाला तर त्याला जागा बदलता येते का? कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालची फरशी म्हणजे तवा. दिवाळीत फटाके सुरू झाले तर पिंजऱ्यातला कुत्रा लपणार कुठं?

चार : हा पिंजरा त्याच्या गरजेसाठी आहे की आपल्या? आपल्या गरजेसाठी असेल, तर ती दुसऱ्या कशानं भागणार नाही, याची आपण खात्री केली आहे का?

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलीय. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. आपण तिच्यात भूतदया पाहतो, ते बरोबरच. पण आणखी एक गोष्ट बघा. पोळी तर त्या कुत्र्याला मिळालीच होती, पोट भरणारच होतं. नामदेवांनी विचार केला तो त्याच्या बाजूनं : त्याचं जेवण त्याला कसं लागेल? आपल्या गृहस्थांनी पोळी दिलीय. प्रश्न तुपाचा आहे.

*(प्रश्नोत्तरांतून)*

श्रोत्या : सर, आम्ही दहाव्या मजल्यावर राहतो. आमचा कुत्रा सोफ्यावर झोपतो, त्याला पंखा-एसी सगळं आहे. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरी कुणी नसतं. मग आमचं काय?

ताई, तुम्ही स्वतःहून विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगतो. सगळ्यात अवघड प्रश्न तुम्हीच विचारलात. भिंती विटांच्या असल्या आणि सोफा मऊ असला तरी दहा तास तो एकटाच आहे. तेच चार प्रश्न तुम्हालाही लागू होतात. दुपारी कुणी येऊन त्याला तासभर खाली नेईल अशी सोय होते का, शेजारी एखादे निवृत्त आजोबा त्याला सोबत करतील का, हे बघा. असे आजोबा पुष्कळ असतात, त्यांनाही सोबत हवीच असते. आणि ज्यांना यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, त्यांनी कुत्रा आणू नये. न पाळणं हाही माणुसकीचाच निर्णय आहे.

त्या गृहस्थांना आम्ही एवढंच सुचवलं, की संध्याकाळी घरी आलात की पहिल्यांदा दार उघडा, आणि तुम्ही व्हरांड्यात चहा घेता तेव्हा त्याला पायाशी बसू द्या. रात्री झोपायलाही तिथंच एक गोणपाट टाका. आणि दार उघडल्यावर तो लगेच बाहेर आला नाही, तर त्याला शहाणा म्हणू नका. आत जाऊन त्याच्याजवळ बसा, आणि तो उठेपर्यंत थांबा.