पाळी जाताना

पाळी एका दिवसात जात नाही. शेवटची पाळी येऊन गेल्यावर सलग बारा महिने रक्तस्राव झाला नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे वैद्यक मानते. म्हणजे ती पाळी शेवटची होती, हे वर्षभरानंतरच कळते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७च्या आसपास येते, युरोप-अमेरिकेत ५१च्या. त्याआधीची काही वर्षे संधिकाळाची. डॉक्टर त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात, घरातल्या बायका ‘पाळी जायची वेळ आली’ म्हणतात. त्रासाचा मोठा वाटा याच वर्षांत असतो आणि ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून तोच सर्वांत जास्त अंगावर काढला जातो.

या काळात अंडाशयातून दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असे नसते. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र कधी कमी, कधी पूर्वीपेक्षाही जास्त तयार होत राहते आणि गर्भपिशवीच्या आतले अस्तर वाढवत नेते. ते अस्तर उशिरा आणि एकदम सुटते. म्हणून दोन महिने पाळी येत नाही आणि तिसऱ्या महिन्यात दहा-बारा दिवस अंगावरून जात राहते. एखाद्या महिन्यात बीज तयार होतेही, त्यामुळे दिवस राहू शकतात. पन्नाशीनंतर पाळी गेली तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीआधी गेली तर दोन वर्षे गर्भनिरोधक चालू ठेवायला सांगतात ते यासाठीच.

पंचेचाळिशीनंतरच्या बाईला पेरिमेनोपॉज आहे हे ठरवायला हार्मोनची तपासणी लागत नाही. रक्तातले एफएसएच हे अंडाशयाला चालना देणारे हार्मोन या काळात सतत वरखाली होते. आज वाढलेले दिसले तरी पुढच्या महिन्यात ते नेहमीसारखे असू शकते. पाळीच्या तारखा आणि बाईचे सांगणे हीच निदानाची साधने. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र तपासावे, कारण थायरॉइडच्या बिघाडातही घाम, धडधड आणि थकवा असतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर गोष्ट वेगळी. तिथे एफएसएच चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासतात आणि हाडे व हृदय जपण्यासाठी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला देतात.

जास्तीचा रक्तस्राव ही या काळातली सर्वांत दमवणारी तक्रार. दर तासाला पॅड बदलावे लागते, गुठळ्या पडतात, रात्री उठून चादर धुवावी लागते. अशी बाई दोन जिने चढली तरी तिला धाप लागते आणि रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते. यावर साधे उपचार आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या रक्तस्राव बराच कमी करतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या अस्तराची वाढ आवरतात. गर्भपिशवीत बसवायची हार्मोनयुक्त कॉपर-टीसारखी वस्तू निदान पाच वर्षे काम करते, आणि तिच्यामुळे कित्येकींचे ऑपरेशन टळते. सोबत लोहाच्या गोळ्या लागतातच.

हे सगळे उपलब्ध असताना ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळतो, हे महाराष्ट्राचे जुने दुखणे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या बहुतेकींची पाळी जायला अजून कित्येक वर्षे होती. फडात पाळीच्या दिवसांसाठी न्हाणीघर नाही, संडास नाही. एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. त्यावर कॅन्सरची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार होते. हे उघड झाल्यावर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक पिशवी काढणे रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या टेबलावरच होते. शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही, आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होते.

दुसरी मोठी तक्रार गरम वाफांची. छातीतून एकदम भडका उठतो, मान आणि चेहरा तापतो, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांत अंगाला थंडी वाजते. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतले शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते आणि तापमानातला किंचित फरकही त्याला उकाडा वाटतो. हा त्रास सरासरी सात वर्षे टिकतो. रात्री घामाने भिजून तीनदा उठणाऱ्या बाईची चिडचिड आणि विसराळूपणा यांचे मूळ अनेकदा या तुटक्या झोपेत असते.

वाफांवर सर्वांत प्रभावी औषध म्हणजे हार्मोन उपचार. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर अस्तर वाढून त्यात कॅन्सर होऊ शकतो. पिशवी काढलेली असेल तर इस्ट्रोजेन एकटे चालते. ते गोळीऐवजी दंडावर किंवा मांडीवर चोळायच्या जेलमधून घेतले, तर रक्तात गुठळी होण्याचा धोका कमी राहतो.

या उपचाराची धास्ती सुरू झाली ती २००२मध्ये. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चालू होती. स्तनाचा कॅन्सर वाढल्याचे दिसल्याने ती मुदतीआधी थांबवली गेली आणि जगभर डॉक्टरांनी हात आखडता घेतला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि स्तनाच्या कॅन्सरची वाढ दरवर्षी दहा हजारांमागे आठ इतकी होती. पुढच्या विश्लेषणांतून असे दिसले की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला, तर निरोगी बाईला तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो. धास्तीपायी पुढच्या दोन दशकांत कित्येकींना उपचार नाकारला गेला, हे नुकसान लहान नव्हते. स्तनाचा कॅन्सर, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तात गुठळी झालेली असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हार्मोन देत नाहीत. अशांसाठी नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत आणि गॅबापेन्टिन वाफा कमी करतात.

पाळी गेल्यानंतर वाफा बहुधा हळूहळू ओसरतात. योनीचा कोरडेपणा मात्र आपोआप बरा होत नाही, उलट वाढत जातो. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग आणि संबंधाच्या वेळी दुखणे याचेच भाग आहेत. बायका हे डॉक्टरीणबाईंनाही सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनीच विचारायला हवे. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमची मात्रा इतकी कमी असते की ते रक्तात जेमतेम उतरते. आठवड्यातून दोनदा लावले तरी बहुतेकींना आराम पडतो.

हाडांची झीज पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत सर्वांत वेगाने होते आणि ती दुखत नाही. कळते ती मनगट मोडल्यावर. वजन पेलणारा व्यायाम, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया. पाळी लवकर गेलेल्या, किंवा आईचा खुबा मोडलेला असलेल्या बाईची हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी.

वर्षभर पाळी नाही आणि मग एक दिवस पुन्हा लाल डाग दिसला, तर ‘पाळी परत आली’ म्हणून थांबू नये. त्याचे कारण बहुतेकदा साधे असते, पण काही जणींमध्ये तो गर्भपिशवीच्या कॅन्सरचा पहिला इशारा ठरतो. आतल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर काळजी पुष्कळशी मिटते. जास्त असेल तर पेनाच्या रिफिलएवढी बारीक नळी आत घालून अस्तराचा नमुना घेतात. बहुधा भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.